रॉबिनचा बाप कोण?

२००१ साली 'बॅटमॅन : गॉथम नाइट्स' या कॉमिक्स मालिकेत ब्रूस वेन म्हणजेच बॅटमॅन डिक ग्रेसनला विचारतो, तुला दत्तक घेऊ का? डिक तेव्हा पोरसवदा राहिलेला नव्हता. सर्कशीत आईवडील डोळ्यांदेखत गेल्यावर ज्या मुलाला ब्रूसने घरी आणलं होतं, तो आता ब्लूडहेवन नावाच्या वेगळ्या शहरात, नाइटविंग या नव्या नावाने, स्वतःच्या हिमतीवर गुन्हेगारांशी लढत होता. डिक हो म्हणाला. बॅटमॅनचा साथीदार, पहिला रॉबिन म्हणून डिक छापून आला तो एप्रिल १९४० च्या अंकात. कागदोपत्री मुलगा व्हायला त्याला ६१ वर्षं लागली.

मग एवढी वर्षं ब्रूस त्याचा कोण होता?

सुरुवातीला तरी बाप म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. लेखक बिल फिंगरची अडचण साधी होती. बॅटमॅन एकटाच फिरायचा, त्यामुळे त्याच्या मनातलं वाचकापर्यंत पोहोचवायचं कसं, हा प्रश्न दर पानावर यायचा. होम्सला वॉटसन होता, तसं याला कोणीतरी हवं होतं. शिवाय वाचणारी बहुतेक मुलंच. म्हणून फिंगर, चित्रकार बॉब केन आणि त्यांचा तरुण सहकारी जेरी रॉबिन्सन यांनी एक मुलगा घडवला. झुको नावाचा गुंड सर्कशीच्या मालकाकडे खंडणी मागतो आणि ती मिळत नाही म्हणून झुल्याच्या दोरांवर ॲसिड टाकतो. डिकचे आईवडील झोक्यावरून कोसळतात. प्रेक्षकांत ब्रूस बसलेला असतो. त्याचेही आईवडील लहानपणी त्याच्यासमोरच गोळ्या घालून मारले गेले होते. पुढे मेणबत्तीच्या उजेडात तो या मुलाकडून न्यायाची शपथ घेववतो आणि त्याला शिकवायला लागतो. दोन पोरक्यांची ही गाठ पडली ती दुःखातून. त्या काळच्या गोष्टींत त्यांचं वागणंही बापलेकांपेक्षा थोरल्या-धाकट्या भावांसारखंच जास्त वाटतं.

कायद्याच्या भाषेत ब्रूस होता पालक आणि डिक त्याचा पाल्य. हे नातं किती कच्चं आहे, ते १९४३ च्या अखेरीस आलेल्या एका कथेत दिसलं. डिकचा काका अचानक उगवतो आणि ताबा मागतो. ब्रूस म्हणजे बड्या घरचा ऐदी, त्याच्या हाती मूल कसं सोपवायचं, असा त्याचा दावा. न्यायाधीशांनाही तो पटतो आणि डिकला काकाबरोबर जावं लागतं. काकाला मुलाची माया नव्हतीच, मुलगा परत देण्यासाठी त्याला पैसे उकळायचे होते. बॅटमॅन त्याचं बिंग फोडतो आणि डिक घरी परत येतो. पण या कथेतली खरी मेख कोर्टात कोणी उच्चारतच नाही. हा गृहस्थ रोज रात्री शाळकरी मुलाला बंदूकधारी गुंडांसमोर उभं करतो, हे न्यायाधीशांना कळलं असतं, तर काकाच्या लोभाची चौकशी करण्याआधीच त्यांनी मुलाला त्या घरातून हलवलं असतं. आणि ते योग्यच झालं असतं.

इथेच या प्रश्नाचं मूळ आहे. गुरूने शिष्याला धोक्याच्या वाटेवर न्यावं, यात नवल नाही, त्यासाठीच तो गुरू असतो. बापाचा जीव मात्र त्याच वाटेवर थरथरतो. ब्रूसला ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची होती. १९८७ साली लिहिलेल्या एका कथेत बॅटमॅनचा वैरी जोकर याची गोळी लागून डिक जखमी होतो आणि ब्रूस त्याला सरळ सांगतो, यापुढे रॉबिन होणं बंद. डिकला तो अपमान वाटतो. ब्रूसला भीती वाटली होती, पण ती बोलून दाखवायला तो शिकलेलाच नव्हता.

भीती एवढी खरी होती, तर लगेच दुसऱ्या मुलाला तोच पोशाख का चढवला? जेसन टॉड हा रस्त्यावरचा पोरगा. ब्रूसचे आईवडील ज्या गल्लीत मारले गेले, तिथेच उभ्या असलेल्या बॅटमोबिलची चाकं काढताना तो ब्रूसला सापडतो. ब्रूस त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, रॉबिन करतो. जेसन तापट होता, आणि बऱ्याच वाचकांना तो आवडला नाही. तेव्हा डीसी कॉमिक्सने त्याचं मरण वाचकांच्याच हाती दिलं. सप्टेंबर १९८८ मध्ये दोन फोन नंबर छापले गेले, एक जेसन जगावा म्हणणाऱ्यांसाठी, दुसरा मरावा म्हणणाऱ्यांसाठी. एका फोनला ५० सेंट. जगण्याच्या बाजूने ५,२७१ मतं पडली, मरणाच्या बाजूने ५,३४३. ७२ मतांनी मुलगा गेला.

या मतमोजणीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण कथेत जेसन मरताना काय करत होता, ते जास्त महत्त्वाचं. तो आईला शोधत इथिओपियापर्यंत गेला होता. ज्या बाईने वाढवलं ती आपली जन्मदाती नव्हती, हे कळल्यावर ब्रूसचं प्रशस्त घरही त्याला पुरेना. आई सापडते आणि तीच त्याला जोकरच्या हवाली करते. पहारीने अर्धमेला केलेला तो पोर, शेजारी बॉम्ब टिकटिकत असताना, तिलाच वाचवायला धडपडतो. ब्रूस पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुढे त्याचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या कपाटात ठेवला गेला आणि पाटीवर त्याचा गौरव झाला तो चांगला सैनिक म्हणून. ब्रूसला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण त्या दुःखाला त्याने लष्करी गणवेश चढवला.

२००५ मध्ये मेलेला जेसन रेड हूड हे नाव घेऊन कथेत परत आला. लेखक जड विनिकने त्याच्या तोंडी जी तक्रार घातली, ती या साऱ्या वादाचा निकाल लावते. तू मला वाचवलं नाहीस याचा राग नाही, असं तो ब्रूसला सांगतो. मला मारणारा अजून जिवंत का, एवढंच त्याला विचारायचं आहे. सेनापतीला कोणी असं विचारत नाही. माझ्यासाठी तू स्वतःचा नियम मोडला असतास का, हा हट्ट मूल फक्त बापापाशी धरतं. ब्रूसने जोकरला मारलं नाही हे बरोबर की चूक, यावर वाचक आजही भांडतात. पण जेसनच्या मनात ब्रूस कोण होता, याबद्दल शंका उरत नाही.

तिसरा रॉबिन टिम ड्रेक नेमका उलट्या बाजूने येतो. त्याचे वडील जॅक हयात होते. २००४ मध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा ब्रूसने दत्तक घेऊ नये म्हणून टिमने चक्क एक खोटा काका उभा केला आणि त्या भूमिकेसाठी नटही नेमला. ब्रूसवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे, वडिलांची जागा इतक्या लवकर भरायला त्याचं मन तयार नव्हतं. टिम अखेर २००६ मध्ये दत्तक गेला. त्याआधी ब्रूसने थांबणं पत्करलं, हे त्याच्या वडीलकीच्या खात्यावर जमा करायला हवं.

प्रत्येक गुरूला हे साधत नाही. १९७१ मध्ये ग्रीन ॲरो या डीसीच्याच दुसऱ्या नायकाला कळतं की त्याने सांभाळलेला मुलगा, त्याचा साथीदार स्पीडी, हेरॉइनच्या आहारी गेला आहे. तो मुलाला मारतो आणि घराबाहेर काढतो. व्यसन सुटण्याच्या यातनांत मुलाजवळ बसते ती ब्लॅक कॅनरी ही नायिका. ग्रीन ॲरो तोवर रस्तोरस्ती अमली पदार्थांचे व्यापारी शोधत फिरत असतो. जगाचं भलं करताना घरातल्या पोराकडे पाहायचं राहून गेलं, हे डेनिस ओ'नील आणि नील ॲडम्स यांनी जराही पांघरूण न घालता दाखवलं.

डेमियन हा तर ब्रूसचा सख्खा मुलगा, तालिया अल् घुलपासून झालेला. २००६ मध्ये तो कथेत आला तो मारेकऱ्यांच्या तालमीत वाढून, उद्धट आणि एकाकी. थोड्याच काळात ब्रूस मेला असं सारे समजून चालले आणि २००९ मध्ये डिकने बॅटमॅनचा पोशाख घातला. डेमियन रॉबिन झाला तो डिकच्या हाताखाली. त्या पोराचा आडमुठेपणा डिकने सोसला, त्याला हसायला शिकवलं, चुकल्यावर अडवलं, पण दाराबाहेर काढलं नाही.

हे सगळं डिकपर्यंत आलं कुठून? आल्फ्रेड पेनीवर्थ १९४३ साली कॉमिक्समध्ये आला तो ब्रूसचा विनोदी बटलर म्हणून. पुढच्या लेखकांनी पोरक्या ब्रूसला लहानाचं मोठं करण्याचं काम त्याच्याकडे दिलं. २०१९ मध्ये बेन नावाच्या खलनायकाने आल्फ्रेडला मारलं. २०२१ च्या 'नाइटविंग'मध्ये कळतं की आपली सगळी संपत्ती आल्फ्रेडने डिकच्या नावे ठेवली आहे. डिकने त्या पैशांतून ब्लूडहेवनमधल्या गरजूंसाठी संस्था काढली आणि तिला आल्फ्रेडचं नाव दिलं.