रस्त्याचा कायदा, लेखांक 6 : पासिंगच्या यादीबाहेरचा ट्रॅक्टर

मागच्या आठवड्यात आपण गाडीचं नोंदणीपुस्तक पाहिलं. आज पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र.

सिंदेवाहीच्या बसस्थानकाबाहेर उभी राहणारी काळी-पिवळी असो की राइस मिलचा माल वाहणारा ट्रक, धंद्याच्या प्रत्येक गाडीला ते लागतं. नव्या गाडीला 2 वर्षांचं मिळतं. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. मोटार वाहन कायद्याचं कलम 56 इथे फार कडक आहे : प्रमाणपत्र नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, धूर असं सगळं पाहतो. ब्रेक उभ्या गाडीत कळत नाहीत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 250 मीटरच्या चाचणी ट्रॅकचा आग्रह धरला. आता येणाऱ्या स्वयंचलित केंद्रांत तर चाकं रोलरवर फिरवून प्रत्येकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो.

या सगळ्यातून आपल्याकडचं सर्वांत वापरातलं वाहन मात्र सुटतं. शेतीचा ट्रॅक्टर केंद्रीय नियमांत बिगर-परिवहन वाहन आहे. नोंदणीच्या वेळी त्याची तपासणी होते, ती पुन्हा 15 वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. मधल्या काळात तो चिखलणी करतो, धान वाहतो आणि रोवणीच्या दिवसांत बायांची अख्खी टोळी ट्रॉलीत घेऊन डांबरी रस्त्यावर येतो.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे. बांधीत जागच्या जागी वळायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना दोन्ही कडीने जोडायचे असतात. कडी लावायची राहिली आणि वेगात एकच पेडल दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊन उलटू शकतो. कडी लावायला एक मिनिटही लागत नाही, तरी कितीतरी ट्रॅक्टरांवर ती गंजून लोंबकळताना दिसते. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेकच नसतो. मागचा सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, ती यामुळेच.

ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही. हे त्या बायांनाही ठाऊक आहे. पण सकाळी बांधीवर पोचायला दुसरी गाडी नसते आणि मजुरी बुडाली तर चालत नाही. त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. जबाबदारी ट्रॅक्टरमालकाची आणि काम घेणाऱ्या शेतकऱ्याची आहे. प्रवासी गाडी ठरवायला पैसे जातात, तर ते मजुरीचाच भाग धरावेत.

आणि धानाच्या ट्रॉलीसाठी, निरीक्षक येणार नाही हे धरून, हंगामाआधी मालकानेच पासिंग करावं. पेडलची कडी, हुकाची पिन आणि तिची खीळ, टायरची नक्षी (निदान 1.6 मिलिमीटर), मागचा लाल दिवा. ट्रॉलीच्या पाठीला लाल रेडियम पट्टी हवीच. दिवाळीनंतर धान भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याकडेला उभी असते, तेव्हा मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती पट्टीच दिसते.

पुढील लेखांक : अपघातानंतरचा विमा दावा.