हेडफोनची पारख : सुराची आणि कानाचीही

दुबलगुंडीहून हुमनाबादचे माणिकनगर फार दूर नाही. श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड व हिंदीत पदे रचली आणि त्यांच्या संस्थानात दत्तजयंतीला गायक-वादकांची हजेरी लागत आली. चांगला सूर ओळखणारा कान या परिसराला वारशानेच लाभला आहे. हेडफोन विकत घेताना मात्र आपण तो घरी ठेवतो आणि खोक्यावरचे आकडे वाचतो.

खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे छापलेले असते. निरोगी तरुण कानाची ती स्थूल मर्यादा होय. त्या पट्ट्यात कोणता स्वर चढतो, कोणता दबतो, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पं. भीमसेन जोशी वा पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आपल्या पूर्ण ओळखीचे एखादे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तंबोऱ्याची जवारी गाण्यामागे अखंड ऐकू येते काय? डग्ग्याचा घुमारा वेळेवर विरतो की गायकाच्या आवाजावर पसरतो? ‘स’, ‘श’ स्पष्ट असूनही बोचत नाहीत ना? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे गाणे मात्र कसोटीस घेऊ नये. त्यातील खरखर मूळ मुद्रणाचीच असते.

दोन हेडफोनची तुलना सारख्याच आवाजात करावी. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले की, आवाज कमी असता खर्ज आपल्याला अधिकच क्षीण भासतो. साहजिकच मोठ्याने वाजणारा हेडफोन भरदार, म्हणून सरस वाटतो. कानात घालावयाचा हेडफोन नीट बसला नाही, तरीही खर्ज हरवतो; निरनिराळ्या मापांची रबरी टोके लावून पाहावीत. घरपोच मागविल्यास परत करण्याच्या मुदतीतच ही परीक्षा उरकावी.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी खरी चिंता पुढची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांच्या श्रवणासाठी प्रौढांना ८० व मुलांना ७५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांच्या हेडफोनवर ‘८५ डेसिबलपर्यंत सुरक्षित’ असे लिहिलेले आढळते; या हिशेबाने त्या आवाजात मुलाला आठवड्याचे चारच तास उरतात! अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारी हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि व्यंजनांची स्पष्टता याच वरच्या पट्टीवर अवलंबून असते. अशा मुलाला हाक ऐकू येते, पण शब्द निसटतात; वर्गात ते ‘लक्ष न देणारे’ ठरते.

तेव्हा अखेरची कसोटी अशी : आवाज निम्म्याखाली आणावा. तेथेही शब्द स्वच्छ आणि जवारी जिवंत राहिली, तर हेडफोन खुशाल घ्यावा. ज्याची गोडी पूर्ण आवाजाशिवाय उमगत नाही, तो दुकानातच राहू द्यावा. पालकांनी मुलासाठी घेताना तर हीच कसोटी सर्वप्रथम लावावी.