देव कसा बोलतो? लेखांक ५ : पुस्तक, सेवा आणि मनात उठलेला प्रश्न

गेल्या आठवड्यात शमुवेलाची गोष्ट आली होती. रात्री हाक ऐकू आली की तो मुलगा उठून एली याजकाकडे धावायचा. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आलं, की हाक देवाची आहे. लेख वाचून इथल्या, सिहोऱ्याच्या एका आजी म्हणाल्या, “मला अशी हाक जन्मात आली नाही. मग देव माझ्याशी बोलतच नाही का?”

आजींचा प्रश्न अनेकांचा आहे. उत्तरासाठी आपलीच तीन माणसं पाहू.

1893 साली नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्यांनी टिळकांना नवा करार दिला. टिळक पेन्सिलीने खुणा करत तो वाचू लागले आणि मत्तयाच्या 5व्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, येऊन खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सोबतीचा प्रवासी, एक पुस्तक आणि एक पेन्सिल एवढ्यावर देवाने काम केलं.

पंडिता रमाबाईंच्या हाती लूकचं शुभवर्तमान आधीच सिलचरला, बंगालीत आलं होतं. पण मन हललं ते लंडनच्या फुलहॅम भागात. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची धर्मभगिनी मायेने सेवा करत होत्या. हे यांना कुणी शिकवलं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. देवाचं बोलणं चुलीपाशी बसलेल्या बाईलाही समजलं पाहिजे, ही त्यांची तळमळ होती.

लक्ष्मीबाई टिळकांवर नवऱ्याच्या धर्मांतराने आभाळ कोसळलं. त्यांच्याशी देव बोलला तो मनात उठलेल्या प्रश्नातून : जातपात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडलं तशी त्यांनी शिवाशीव सोडली. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

मग आपल्याच मनाचा आवाज आणि देवाची वाणी यांतला फरक ओळखायचा कसा? मंडळीत तीन कसोट्या सांगतात. ऐकलेलं शास्त्राशी जुळतं का? एलीसारख्या जाणत्या माणसाला ते पटतं का? आणि त्यामुळे माणसांवरचं प्रेम वाढतं का? तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा मिळालेल्या शेकडो जणी तिची साक्ष होत्या.

आजी, परवा शेजारच्या आजारी बाईसाठी तुम्ही मऊ भात करून नेलात. का, म्हणून विचारलं, तर म्हणालात, “राहवलं नाही.” कुणीतरी आतून उठवल्याशिवाय माणसाला असं राहवेनासं होत नाही. तुम्हाला हाक आली होती आणि तुम्ही उठलातही.

(पुढच्या आठवड्यात : प्रार्थनेतलं मौन)