उलट्या मडक्यातली पोपटी

दिवा–रोहा मार्गावर नागोठणे सोडले की रोह्याच्या आधी निडी लागते. थंडीत या पट्ट्यातल्या कापलेल्या भातखाचरांत वाल उभा असतो. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर तो वाढतो. बांधाच्या कडेला कोणी न पेरता भांबुर्डा उगवतो. पेण, रोहा, अलिबाग भागातली पोपटी, म्हणजे पालथ्या मडक्यात शिजवलेल्या शेंगांची मेजवानी, या दोघांच्या जिवावर होते. डिसेंबर सरता सरता शेंगा भरल्या, की माळ्यावरची मडकी खाली उतरतात.

बघ्यांचे लक्ष जाळाकडे असते. पण पोपटी जमते किंवा फसते ती मडके भरताना, आणि म्हणून ते काम घरातला जाणता माणूसच हातात घेतो.

आधी मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर. हा लवदार, उग्र वासाचा पाला बोटांनी चुरला तरी वास हाताला चिकटून राहतो. त्यावर वालाच्या अख्ख्या शेंगा, खडे मीठ आणि ओवा चोळलेल्या. बटाटे लहान निवडतात, कारण मोठा बटाटा कोंबडी शिजली तरी पोटात कच्चा राहतो. साल ठेवून चिरा देतात आणि आले-लसूण-मिरचीचे वाटण त्यांत दाबून भरतात. वाटण लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधोमध बसते. अंडी शेंगांच्या गादीत अलगद ठेवतात, एकमेकांना टेकू देत नाहीत. कोणी रताळी घालतो, कोणी वांगी. मांस न खाणाऱ्यांचे मडके वेगळे लागते. वर पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडात भांबुर्डा ठासून भरायचा. इतका, की मडके उलटे केले तरी आतले काही हलू नये. घाईने कोंबलेला पाला सुटतो, वाफ निघून जाते आणि शेंगा करपतात.

तेल नाही, पाण्याचा थेंबही नाही.

मग मडके जमिनीवर पालथे. भोवती आणि वर पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून आग लावतात. तोंड मातीला टेकलेले असल्यामुळे तिथला पाला पेट घेत नाही. बाहेर जाळ कितीही भडकला तरी शेंगांची आणि पाल्याची ओल आहे तोवर आतला ताव वाफेच्या आसपासच राहतो. एवढ्या दांडग्या आगीत अंडे नीट उकडते, कोंबडी सुकत नाही, ते यामुळेच. अर्धा-पाऊण तास झाला की मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र करून उडाला की पोपटी झाली. मध्ये झाकण उचलून पाहायची सोयच नाही.

परदेशातल्या स्लो कुकरचेही हेच पथ्य आहे: बंद भांडे, अंगचा रस, आणि मध्ये उघडायचे नाही. त्यात बीफ-बटाटा सकाळी लावून संध्याकाळी वाढतात, बटाटा मात्र तळाशी. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना त्याच्या पूर्वजाचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. लिथुआनियातल्या गावी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या, आदल्या संध्याकाळी कडधान्याची, मांस-बटाट्याची हंडी बेकरीच्या भट्टीत ठेवत, ही आईने सांगितलेली आठवण त्यामागे होती. हीच कल्पना 1971 मध्ये क्रॉक-पॉट नावाने बाजारात आली. शब्बाथ रायगडलाही परका नाही. इथल्या बेने इस्राएल ज्यू तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून किनारपट्टीवर त्यांना शनिवार तेली म्हणत.

उत्तरेला वलसाडकडे उंबाडियू या पदार्थाचे मडकेही असेच पालथे पडते.

काठीने निखारे बाजूला सारून मडके गोणपाटात धरून उचलतात आणि केळीच्या पानांवर रिकामे करतात. शेंगा टरफलासकट दाताखाली धरून ओढायच्या. बटाट्याची साल धुराने काळपटते, आतला गर मात्र ओव्याच्या वासाने भरलेला. खरे तर या साऱ्यात कोंबडीपेक्षा तोच जास्त चवदार लागतो. हल्ली मुंबईकर पोपटीची ऑर्डर आधी देऊन येतात. त्यांनी जानेवारी गाठावा. मार्चपर्यंत वाल निबर होतो, भांबुर्डाही उन्हाने वाळतो, आणि दुसऱ्या पाल्यावर भरलेल्या मडक्याला इथले लोक पोपटी म्हणायला तयार नसतात.