प्लेगपेक्षा तपासणीची धास्ती

साथ आली की सरकारवर रोष हा होणारच, असे म्हणून हा विषय बहुधा निकालात काढला जातो. पुण्यातील १८९७ च्या प्लेगबाबत तर इंग्रज अधिकाऱ्यांचे निदान त्याहून सोपे होते. त्यांच्या मते धर्मभोळी जनता आधुनिक वैद्यकाला विरोध करीत होती. हे निदान चुकीचे होते. लोकांचा संताप औषधावर नव्हता. तो उपाय राबविण्याच्या तऱ्हेवर होता, आणि त्या तऱ्हेला आधार देणारा कायदा सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे लागू आहे. त्यामुळेच हे प्रकरण केवळ इतिहासाचे राहत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहरातील जवळपास निम्मे लोक गाव सोडून गेले. परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली, व्यापार अडचणीत आला आणि युरोपातून दडपण वाढले. या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. चारच कलमांचा हा कायदा. प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास सरकारने हवे ते नियम करावेत, ते मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढा त्याचा सारांश. रुग्णाला काय मिळावे याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

मुंबईतून प्लेग पुण्यात पोहोचला तेव्हा वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. सातारा जिल्ह्यात असताना कठोर अधिकारी म्हणून त्यांची ख्याती झालेलीच होती. १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघरी झडती घेऊ लागल्या. घरातील माणसांना बाहेर काढायचे, काखेत-जांघेत गाठ आहे का ते पाहायचे, आजारी माणसाला इस्पितळात आणि बाकीच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे, मग भिंतींना चुना, जमिनीला जंतुनाशक आणि सामानाला आग, असा हा क्रम होता. स्त्रियांची तपासणी परपुरुषांकडून आणि कधी उघड्यावर होत असल्याच्या, देवघरात व स्वयंपाकघरात बूट घालून शिरल्याच्या, चीजवस्तू नाहीशा झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तक्रारींची दाद लागत नव्हती, हे त्याहून वाईट.

शिवाय एक साधे व्यावहारिक कारण होते, ज्याकडे पाठ्यपुस्तके सहसा वळत नाहीत. इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. रोगावर खात्रीचा इलाजच नव्हता आणि अनेकांना शेवटच्या अवस्थेत नेले जाई. साहजिकच इस्पितळ म्हणजे मरणाची जागा असा समज पसरला. मुंबईत तर २९ ऑक्टोबर १८९६ रोजीच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. लोक रुग्ण लपवू लागले. ज्या झडतीने रोगी शोधायचा, तिच्याच धास्तीने रोगी दृष्टिआड जाऊ लागला.

येथे लोकमान्य टिळकांची भूमिका नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी प्लेगविरोधी उपायांना सरसकट विरोध केला नव्हता. उलट, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू रुग्णांसाठी खासगी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल गंभीर आक्षेप घेतला. सरकारने तो फेटाळला. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या आणि रूढींशी आयुष्यभर झगडलेल्या रमाबाईंना 'धर्मभोळ्या' म्हणण्याची सोय मात्र कोणालाच नव्हती!

पुढचा घटनाक्रम परिचित आहे. सैनिकांची मोहीम मे महिन्यात थांबली. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली.

विशेष म्हणजे, ज्या उपायांसाठी एवढा अत्याचार झाला, त्यांतील बरेचसे निरुपयोगी होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तथापि तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. तेही मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे माणसांच्या काखा तपासल्या जात असताना उंदीर शेजारच्या घरात मोकळे फिरत होते. याउलट, घर सोडून रानात झोपड्या टाकून राहणे हा खेड्यांतील लोकांचा मार्ग अधिक परिणामकारक होता, कारण त्यात उंदीर-पिसवांपासून माणूस दूर जात असे. मार्च १८९८ मध्ये मुंबईत झडतीवरून पुन्हा दंगल उसळल्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली आणि स्थलांतर व ऐच्छिक लसीकरणावर भर दिला. प्लेग मात्र हटला नाही. पुढील दोन दशकांत देशात त्याने एक कोटीच्या आसपास बळी घेतले.

२००९ मध्ये पुणेकर पुन्हा सरकारवर संतापले, पण कारण नेमके उलटे होते. ३ ऑगस्ट रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. चाचणीची सोय मोजक्या सरकारी प्रयोगशाळांत, टॅमीफ्लू सरकारी केंद्रांतच, मास्कचे भाव मात्र अव्वाच्या सव्वा. १८९७ मध्ये सरकार घरात शिरले म्हणून राग होता. २००९ मध्ये ते पुरेसे दारापर्यंत येत नाही म्हणून.

कोरोनाच्या काळात हे दोन्ही राग एकत्र आले. महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला तो १३ मार्च २०२० पासून. तारखेचा हा योगायोगच. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली ती चार तासांच्या मुदतीने. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ इच्छिणाऱ्या मजुरांची गर्दी झाली आणि पोलिसांनी लाठ्या चालविल्या. वर्षभराने, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, लोक खाटा आणि ऑक्सिजन शोधत वणवण फिरत होते. २० जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले, की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांनी स्वतंत्र नोंद कळविलेली नाही. ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांना या उत्तराने काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच काळात कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर व परिचारिकांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. ती आवश्यकच होती. खाट, ऑक्सिजन, अडकलेल्या मजुराचे अन्न यांची जबाबदारी कोणाची, हा मुद्दा मात्र त्या चार कलमांबाहेरच राहिला. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे नमूद करून त्यात व्यापक बदल करण्याची किंवा नवा कायदा आणण्याची शिफारस केली आहे.