तोंडातील पांढरा चट्टा आणि प्रथिनांची साक्ष
दीर्घकाळ तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतील अस्तरावर जो खरवडून न निघणारा पांढरा चट्टा अनेकदा उमटतो, त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात; असे बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, पण बदलणारे कोणते हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. म्हणून चट्ट्याचा लहान तुकडा काढून, ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने तो रंगवून पाहिला जातो. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रातील पेशींच्या केंद्रकात आढळते (त्याचे नाव जर्मनीतील कील शहरावरून पडले). निरोगी अस्तरात ते तळाजवळच्या थरांपुरते असते, वरच्या थरांतही दिसू लागले की पेशींची वाढ अनिर्बंध होत असल्याचा संशय बळावतो. पी-५३ची साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे: डीएनए बिघडलेल्या पेशीला थोपवणारे हे प्रथिन निरोगी पेशीत लवकर नष्ट होते, मात्र त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास निकामी प्रथिन साचून केंद्रके गडद रंगतात, तर काही उत्परिवर्तनांत प्रथिन तयारच न झाल्याने रंग मुळीच चढत नाही, म्हणजे रंगाचा अभावही निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन घटले, तर त्या सुट्या होऊन खोलवर शिरू शकतात.