कुठं थांबलास?

शनिवारी शाळा सकाळची असते. जेवून, थोडं लोळून मुलं चारच्या सुमाराला वाचनालयात यायला लागतात. आमचा बालविभाग म्हणजे जिन्याशेजारची जागा, तीन कपाटं, एक सतरंजी आणि भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एवढं आहे, हेही मला पुष्कळ वाटतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी तिथं बसते. पुस्तकांची देवघेव, नोंदी, शिक्का हे सगळं लेखनिक बघतात. समोरच्या मुलाला कुठलं पुस्तक द्यायचं, एवढंच माझ्याकडे असतं.

गेल्या महिन्यात एक आई पाचवीतल्या मुलाला घेऊन आली. "ह्याला काहीतरी चांगलं द्या बाई. वाचतच नाही, सारखा मोबाइल." मी त्याला विचारलं, "तुला काय आवडतं रे?" प्रश्न चुकला. इतक्या वर्षांनीही तो तोंडातून निसटतोच. मुलानं आईकडे बघितलं आणि आईनं उत्तर दिलं, "शिवाजी महाराजांचं द्या, नाहीतर संस्काराच्या गोष्टी." मी त्यांना मासिकांच्या टेबलाशी बसवलं आणि मुलाला सतरंजीवर घेतलं. "काल शाळेतनं घरी गेल्यावर काय काय केलंस?" बराच वेळ तो पायाचा अंगठा सतरंजीवर घासत राहिला. मग म्हणाला, "विहिरीतनं साप काढला."

"तू?"

"सर्पमित्रानं. मी दोर धरलेला. धामण होती. एवढी." त्यानं दोन्ही हात पसरले, ते कमी पडले म्हणून खांदेही ताणले.

मग पुस्तक ठरायला वेळ लागला नाही. विलास मनोहर यांचं 'नेगल'. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांकडे वाढलेल्या रानातल्या प्राण्यांची ती हकिकत आहे. नेगल हे त्यातल्या बिबट्याचं नाव. पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेलं, मोठ्यांच्याच कपाटात असतं. दहा वर्षांच्या मुलांच्या कुठल्याही यादीत ते सापडायचं नाही. पण आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर दोर धरून उभ्या राहिलेल्या मुलाला ते जड जाणार नाही, असं मला वाटलं. बिबट्याचा भाग काढून मी दीड पान मोठ्यानं वाचून दाखवलं, थांबले तिथं कागदाची पट्टी घातली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. "पयल्यापासनं वाचायचं?" "नाही. इथून पुढं."

मुलांसाठी पुस्तक सुचवताना सगळ्यात आड येते ती आपलीच आठवण. वडील येतात ते 'गोट्या' शोधत येतात, कारण त्यांनी लहानपणी दूरदर्शनवर मालिका बघितलेली असते. आईला 'एक होता कार्व्हर' हवं असतं. वीणा गवाणकरांचं हे १९८१चं पुस्तक बक्षीस समारंभात इतक्या वेळा दिलं जातं, की ते वाचायचं वय कुठलं हे कुणी विचारतच नाही. तेराव्या वर्षी ते मुलाला हलवून सोडतं. नवव्या वर्षी हातात पडलं, तर तीस पानांवर मिटतं आणि पुढं कधी उघडलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. 'तोत्तोचान'चंही तसंच. तेत्सुको कुरोयानागींच्या या आठवणींवर शिक्षक आणि पालक जीव टाकतात. मुलांना मात्र मी ते सलग वाचायला देत नाही. आधी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांचं प्रकरण वाचून दाखवते. डब्यात बसून शाळा शिकता येते हे एकदा कळलं, की बाकीचं पुस्तक मूल आपणच मागतं. त्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात. माझ्याकडे एका मुलामागं पाचेक मिनिटं असतात, आणि त्यातलं पाऊण मिनिट माझ्याच प्रश्नात जातं.

आठवणीतली सगळीच पुस्तकं मागं पडलेली नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून हातोहात जातो. आमच्या प्रतीची पानं सुटलीत, कडांना चिकटपट्टी आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा तोंडानं 'ट्टॉक' करतो, सायकल हाणतो आणि पानापानाला संकटात उडी घेतो. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. प्रकरण कुठं तोडलं की मूल रात्री दिवा बंद करू देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मधेच तार येते, ट्रंक कॉल लागतो. ते काय असतं असं मुलं विचारतात, पण त्यापायी वाचन थांबत नाही. न कळणारा शब्द मूल खुशाल ओलांडतं. जागचं न हलणारं पान त्याला ओलांडता येत नाही.

मुलं खरोखर अडतात ती जोडाक्षरांवर. कपाटातून काढलेलं पुस्तक मी मधलं कुठलंही पान उघडून वाचायला लावते. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली, तर पुस्तक अजून थोडं लांब आहे. सेमी इंग्रजीतल्या मुलांची मूठ लवकर होते. ही मुलं मराठीत विचार करतात, भांडतात, स्वप्नं बघतात; देवनागरी मात्र सावकाश वाचतात. त्यांना वाचता येतं ते पुस्तक बाळबोध वाटतं, आणि आवडेल ते वाचवत नाही. अशा वेळी माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचा मला मोठा आधार असतो. 'राधाचं घर', 'यश', 'बाबाच्या मिश्या' यांतली माणसं आपल्या घरातल्यासारखी बोलतात. 'केले', 'गेले' असं छापील मराठी वाचताना जी जीभ अडखळते, ती 'केलं', 'गेलं'वर सरळ चालते. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवूनही ओळखलं नव्हतं, सतरंजीवर बसल्यावर कळलं.

पुस्तक परत येतं, तेव्हा माझी वही उघडते. "आवडलं का?" असं मी विचारत नाही, मूल हो म्हणून मोकळं होतं. "कुठं थांबलास?" असं विचारते. याचं खोटं उत्तर सहसा येत नाही. 'आजोबा आजारी पडले तिथं.' 'लढाई संपली तिथं.' 'चित्रं संपली तिथं.' पुढचं पुस्तक यातूनच मिळतं. चित्रं संपली तिथं थांबलेल्या मुलीला मी 'किशोर'चे जुने अंक दिले. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय, आणि त्यात एका बैठकीत संपणारं काहीतरी हमखास असतं. संपवण्याची चव एकदा कळावी लागते.

वहीत एक पान असंही आहे, जे मी अधूनमधून मुद्दाम उघडते. सहावीतल्या एका शांत मुलीला मी 'श्यामची आई' दिलं होतं. दोन दिवसांत तिनं ते लेखनिकांच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न येता निघून गेली. तिची आई तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होती, हे मला नंतर कळलं. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. शहाणी मुलगी आहे, चांगलं पुस्तक आहे, एवढ्यावर हातात ठेवलं होतं. तेव्हापासून पुस्तक काढण्याआधी मी विचारते, "घरी सध्या कोण कोण आहे?"

मधल्या कपाटाची मला सतत काळजी वाटते. पहिल्या कपाटात चित्रांची पुस्तकं आता खूप छान आहेत, तिसऱ्यात मोठ्यांची. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचं मधलं कपाट लवकर संपतं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलुदा, संगीता बर्वे यांची 'पियूची वही', भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. भराभर वाचणारी मुलगी एका उन्हाळ्यात हे सगळं उडवते आणि विचारते, "आता?" प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मी तिच्यासाठी राखून ठेवलंय, पण त्यातल्या लंपनला भेटायला तिनं अजून दोन वर्षं थांबायला हवं. त्या दोन वर्षांत तिला काय द्यायचं, याचं पुरेसं उत्तर माझ्या कपाटात नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी या वयाकडे वळावं, असं फार वाटतं.

साप बघितलेला मुलगा दोन शनिवारांनी आला, या वेळी एकटा. पट्टी बरीच पुढं सरकली होती.

"कुठं थांबलास?"

त्याचं उत्तर न देता त्यानंच विचारलं, "बाई, हे खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग कुठं हाय हे?"

मी त्याला नकाशापाशी नेलं. गडचिरोली जिल्हा, भामरागड तालुका. उजव्या हाताला पार शेवटी. त्यानं एक बोट तिथं ठेवलं, दुसरं आमच्या गावावर, आणि सगळा महाराष्ट्र दोन बोटांमधे धरून बराच वेळ बघत राहिला.

"एस्टी जाती?"

मी म्हटलं, बदलत बदलत जावं लागेल. तो सतरंजीवर बसला, माझ्या वहीचं मागचं पान मागून घेतलं आणि नकाशात बघून वाटेतल्या गावांची नावं लिहायला लागला. सोलापुरात तो 'ल्हा' घालील असं वाटलं, म्हणून मी आधीच सांगितलं की त्यात 'ल्हा' नाही, साधा 'ला' आहे.

"ठाव हाय," तो मान वर न करता म्हणाला.